मीनाक्षी मांस खाते

१९८४ च्या मे महिन्यात, पीएच.डी.ची पात्रता परीक्षा द्यायला निघालेल्या एकनाथ पाध्येला जिन्यात मुंगूस आडवं गेलं.

स्टेट कॉलेज हे पेनसिल्व्हेनियातलं गाव. तिथं मुंगूस कुठून येणार, असा प्रश्न एखाद्या संशोधकाला पडायला हवा होता. पण एकनाथ संशोधक होता गेल्या तीन वर्षांपासून, आणि मिरजेचा होता जन्मापासून. मुंगूस दिसलं की काम फत्ते, एवढं शास्त्र त्याला पुरेसं होतं. त्यानं फाइल काखेत मारली आणि हात जोडले. मुंगसानं त्याच्या बुटाची नाडी सोडली आणि ती सोबत नेता येते का ते पाहिलं. त्याच्या डोळ्यांभोवती दरोडेखोरासारखी काळी पट्टी होती. परमुलखातलं मुंगूस, असेल तिकडची पद्धत, असं म्हणून एकनाथ परीक्षेला गेला आणि पास झाला.

दोन दिवसांनी कळलं की मुंगूस खालच्या मजल्यावरच्या ब्रॅडचं आहे, मादी आहे, आणि ब्रॅड पदवी घेऊन ओहायोला आईवडिलांकडे चाललाय. आईला प्राणी चालत नाहीत. तुम्ही ठेवून घेता का? आपल्याला पास करणाऱ्या जीवाला नाही कसं म्हणायचं, ते एकनाथला सुचलं नाही. ब्रॅडनं पिंजरा दिला, एक टॉवेल दिला, आणि गाडी सुरूच ठेवलेली असल्यामुळे बाकी काही न सांगता तो निघून गेला.

एकनाथनं तिचं नाव मीनाक्षी ठेवलं.

"माझ्या मामीचं नाव आहे बे ते," कुमार म्हणाला. कुमार देशकर हा त्याचा रूममेट. नागपूरचा, स्टॅटिस्टिक्सवाला.

"मग काय झालं?"

"काही नाही. मामीचेही डोळे असेच आहेत. फक्त ती चावत नाही."

घरात स्वयंपाक एकनाथचा. पोळ्या त्याला येत आणि कुमारला येत नसत, त्यामुळे घरातला कायदाही एकनाथचाच. तो फ्रिजवर चिकटवलेला होता: या घरात मांस, मच्छी, अंडी येणार नाहीत. एकनाथच्या घराण्यात कोणी कधी अंड्याकडेसुद्धा रोखून बघितलं नव्हतं. तेव्हा मीनाक्षीलाही तो रोज दोन वेळा, सोसेल इतका गरम, दूधभात देऊ लागला.

पहिल्या दिवशी तिनं दूध चाटलं. दुसऱ्या दिवशी तिला जुलाब झाले. तिसऱ्या दिवशी ती वाटीकडे पाठ करून बसली. चौथ्या दिवशी ती उठलीच नाही. टॉवेलमध्ये ओल्या मोज्यासारखी पडून राहिली. एकनाथनं हात लावला तर पोट फुगलेलं आणि बरगड्या मोजता येतील अशा. त्याला एकदम भीती वाटली. परीक्षेतसुद्धा वाटली नव्हती इतकी.

बसमध्ये जनावर चालत नाही, म्हणून त्यानं मालिनीकाकूंना फोन केला. काकूंचे यजमान गावात सर्जन होते. काकू स्वतः गावातल्या यच्चयावत मराठी विद्यार्थ्यांच्या काकू होत्या. त्या स्टेशन वॅगन घेऊन आल्या, पिंजऱ्याला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "बस मागे. मुंगसाला धक्का लागू देऊ नकोस."

प्राण्यांच्या डॉक्टर लिंडक्विस्टबाईंनी मीनाक्षीला उलटंसुलटं केलं.

"हिला काय खायला देता?"

"दूधभात."

"आणखी?"

"काल थोडं तूप घातलं होतं."

बाईंनी स्टूल ओढलं आणि दुखवट्याला आल्यासारख्या समोर बसल्या. मग त्यांनी सावकाश सांगितलं की हे मुंगूस नाही. हा फेरेट नावाचा प्राणी आहे. हा मांस खातो. फक्त मांस खातो. धान्य याच्या आतड्यांना कळतच नाही, आणि दुधानं तर वाटच लागते. आजपासून मांस मिळालं नाही तर ही आठवडाही काढणार नाही. आणि ही एकटी नाही, हिच्या पोटात पिल्लं आहेत.

"म्हणजे मी मघाशी नमस्कार कुणाला केला?" काकूंनी मराठीत विचारलं.

"फेरेटला."

"असू दे. चांगलंच झालं म्हणायचं. तू आपल्या अभ्यासानं पास झालास."

हे ऐकून एकनाथला जरा वाईटच वाटलं.

मांजराचं तयार खाणं मिळतं, तेही चालेल, असं बाई म्हणाल्या होत्या. त्यात मांस असलं तरी ते बिस्किटासारखं दिसतं, म्हणजे निदान डोळे तरी फसवता येतात. काकूंनी वाटेत पिशवी घेऊन दिली. मीनाक्षीनं एका गोळीचा वास घेतला, ती नाकानं ढकलत पिंजऱ्याच्या कोपऱ्यात नेली आणि तिच्यावर जे करायचं ते केलं. ब्रॅडनं तिला लहानपणापासून शिजवलेलं चिकन घातलं होतं. अन्न म्हणजे तेच, बाकी सगळा कचरा, अशी तिची समजूत पक्की होती. एकनाथला ही वृत्ती ओळखीची वाटली.

संध्याकाळी तो कुमारच्या दारात उभा राहिला.

"कुमार, चिकन कुठे मिळतं?"

कुमारनं पेन खाली ठेवलं. "कोणाला?"

"मीनाक्षीला. तुला कसं माहीत असणार म्हणा. तूही दोन वर्षं माझ्याच हातचं खातोयस."

"बस स्टॉपवर," कुमार म्हणाला.

"बस स्टॉपवर मिळतं?"

"मिळतं दुकानात. खातो मी बस स्टॉपवर. दर शुक्रवारी. जानेवारीत उणे पंधरा असताना हातमोजे घालून खाल्लंय यार. एकदा तंगडी ओठाला चिकटली होती."

"मला सांगायचंस."

"एकदा सांगितलं होतं. त्या दिवशी तू पोळ्या केल्या नाहीस."

एकनाथ मागे वळला. स्वयंपाकघरात गेला, पेन काढलं आणि फ्रिजवरच्या कायद्याखाली लिहिलं: चतुष्पादांना सूट.

कुमारनं चिकन आणलं, शिजवलं, बारीक केलं. एकनाथनं लॅबमधला चष्मा आणि हातमोजे घातले, भट्टीतून तापलेली भांडी काढायच्या लांब चिमट्यात एक तुकडा धरला आणि दोन फुटांवरून, मान दुसरीकडे करून, पुढे केला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग चिमट्याला हलका झटका बसला. त्यानं वळून पाहिलं तर तुकडा गेला होता, आणि मीनाक्षी चिमटासुद्धा खाता येतो का ते तपासत होती.

आठवड्यानं ती घरभर पाठ वाकवून आडव्या उड्या मारायला लागली. एकनाथचे मोजे, कुमारचा कॅल्क्युलेटर आणि काकूंच्या गाडीची किल्ली सोफ्याखाली जमा झाली. सगळ्यांना बरं वाटलं. याच सुमारास एका संध्याकाळी एकनाथ लॅबमधून परतला, तर कुमार गालिच्यावर दोन्ही हात आणि गुडघे टेकून उभा. समोर ताटलीत तंगडी, शेजारी मीनाक्षी.

"मी नियम वाचला," कुमार म्हणाला.

एकनाथनं थोडा विचार केला. कायद्यात बसत होतं. "हात धुतलेस का?"

"चारही."

जूनच्या तेराव्या दिवशी मीनाक्षीला सहा पिल्लं झाली, एकेक करंगळीएवढं. मालिनीकाकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या. बाळंतिणीनं ते हुंगून सोडून दिले आणि कुमारनं दोन पायांवर उभं राहून खाल्ले. नावं कुमारनंच ठेवली. मराठी मंडळातलीच माणसं घेतली: गिरीश, रेखा, चारुदत्त, कांचन, शैलेंद्र आणि सगळ्यांत बारकी प्रतिमा. शैलेंद्र नावाचं पिल्लू अतिशय लठ्ठ निघालं. खरा शैलेंद्र त्यानंतर दोन आठवडे यांच्याकडे जेवायला आला नाही.

तीन जुलैला मीनाक्षीला ताप आला. लिंडक्विस्टबाईंनी औषध दिलं. पण चार तारखेला सकाळी एकनाथनं टॉवेल बाजूला केला तेव्हा पिल्लं रडत होती. चिमणीनं दाराच्या फटीत अडकल्यावर करावा तसा आवाज. पाच पिल्लं आईला ढुसण्या देत होती. प्रतिमा बाजूला पडली होती आणि रडतही नव्हती.

चार जुलै म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. बस बंद, दुकानं बंद. कुमार काकूंच्या गाडीतून मंडळाच्या सहलीला फिलाडेल्फियाला गेलेला. एकनाथनं लिंडक्विस्टबाईंच्या घरी फोन लावला. मागे मुलांचा गलका होता.

"दूध आटलंय तिचं," बाई म्हणाल्या. "तीन आठवड्यांची झाली ना? मग चिकन पाण्यात अगदी गुळगुळीत वाटा आणि बोटानं चाटवा. तंतू राहता कामा नये, घशात अडकेल. दिवसातून सहा वेळा. ब्लेंडर आहे ना?"

ब्लेंडर नव्हता. कुमारनं नागपूरहून आणलेला मिक्सर होता, पण इथल्या विजेवर तो नुसता गुणगुणायचा. फ्रिजमध्ये कुमारनं शिजवून ठेवलेलं चिकन होतं. एकनाथनं ते काट्यानं ठेचून पाहिलं. तंतू सुटले, पण तुटले नाहीत. चमच्यानं रगडलं, लाटण्यानं लाटलं. पोळी झाली, पण तंतू होतेच.

मग त्यानं वरच्या कपाटातून खलबत्ता काढला.

खलबत्ता लोखंडी होता. आईचा, आणि त्याआधी आईच्या आईचा. विमानाच्या वजनात बसावा म्हणून एकनाथनं दोन जाड पुस्तकं मागे ठेवली होती. त्यात आजवर वेलदोडे, आलं आणि फार तर लसूण कुटलेली. एकनाथ ओट्यापाशी उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर मिरजेचं स्वयंपाकघर आलं, सोवळ्यातली आई आली. मागे पिल्लांचा आवाज कमी होत चालला होता, आणि ते जास्त वाईट होतं.

त्यानं हातमोजे घातले, पण बत्ता निसटायला लागला. म्हणून काढून ठेवले. मग उघड्या हातानं चिकन उचललं, खलात टाकलं, वर कोमट पाणी घातलं आणि कुटायला लागला.

प्रतिमाला त्यानं तळहातावर घेतलं. तिचे डोळे अजून उघडले नव्हते. करंगळी त्या पांढऱ्या लगद्यात बुडवून तिच्या ओठांना लावली. काही नाही. पुन्हा लावली. "खा गं," तो म्हणाला, "मी काय केलंय तुला माहीत नाही." तिसऱ्या वेळी एक जीभ, तांदळाच्या दाण्याएवढी, करंगळीवरून फिरली. मग आणखी एकदा. मग तिनं करंगळीला दात लावले. दात येत होते. एकनाथला इतका आनंद झाला की त्यानं बोट मागे घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी लहान मुलांच्या खाण्याच्या बारा बाटल्या आणून दिल्या, चिकनच्या, आयत्या वाटलेल्या. "अरे, एक दिवस थांबायचंस," त्या म्हणाल्या. मग त्यांनी प्रतिमाकडे पाहिलं. "नाही, बरोबर केलंस."

तरी खलबत्ता ओट्यावर उपडा पडून होता आणि त्यात पुन्हा वेलदोडे कुटायचं धाडस एकनाथला होत नव्हतं. शेवटी त्यानं आईला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. खलबत्ता बाटवला, वाईट वाटून घेऊ नकोस, पण मीनाक्षी बरी झाली आणि सहाही जगली.

आईचं उत्तर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. तोवर घरात नऊ फेरेट झाले होते, कारण गाव सोडून जाणाऱ्या पोरांना कळलं होतं की दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भारतीय नाही म्हणत नाहीत.

चि. एकनाथ यास अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. खलबत्ता लोखंडाचा आहे, त्याला काय होतंय. चिंच लावून घास, गॅसवर तापव, झालं. माझ्या आईनं त्यात उंदराचं औषधही कुटलेलं आहे.

आता तू लिहिलंसच म्हणून लिहिते. तू झालास तेव्हा मला दूध नव्हतं. वरचं तुला पचेना. अकराव्या दिवशी तुझा रडण्याचा आवाज बंद झाला. आपल्या शेजारी तेव्हा सुलेखाबाई जाधव राहत. त्यांनी खिडकीतून विचारलं, बाळ रडत का नाही. सासूबाई देवळात गेल्या की त्या मागल्या दारानं बकऱ्याच्या पायांचं सूप आणून द्यायच्या. नाक दाबून प्यायले. एकवीस दिवस. पाचव्या दिवशी दूध आलं. तुझ्या बाबांना अजून माहीत नाही, तेव्हा हे पत्र फाडून टाक. सुलेखाबाई हल्ली कोल्हापूरला मुलाकडे असतात. पत्ता मागे लिहिला आहे. पिल्लांना सांभाळ. प्रतिमा नाव छान आहे.

एकनाथनं पत्र तीनदा वाचलं. चारुदत्त त्याच्या बाहीतून आत शिरून पाठीवर झोपला होता, त्यामुळे उठता येत नव्हतं. त्यानं बसल्या बसल्याच नेहमीचं पातळ हवाई पत्र नव्हे तर चांगला जाड कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

ती. सुलेखाबाई यांस शिरसाष्टांग नमस्कार. आपण मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी पाचेक पौंडांचा असेन. आपलं सूप लागू पडलं. कळवायला सत्तावीस वर्षं उशीर झाला, याबद्दल क्षमा असावी. मला आजपर्यंत माहीत नव्हतं. सध्या वजन एकशे बेचाळीस पौंड आहे, प्रकृती उत्तम आहे, पीएच.डी. चालू आहे. आपल्या त्या सुपावर इकडे एकूण दहा जीव उभे आहेत. त्यांतले नऊ चावतात, पण मनानं चांगले आहेत. आपण खिडकीतून विचारलंत, त्याबद्दल काय लिहावं ते कळत नाही, म्हणून नुसताच पुन्हा नमस्कार करतो.

इथं त्यानं सही केली. मग खाली लिहिलं:

ता. क. सुपात हळद घालत होतात का, तेवढं कळवावं. धाकटी अजून नीट खात नाही.