आठवणीतलं माप

रविवारच्या उपासनेत सगळं चर्च एका सुरात प्रभूची प्रार्थना म्हणे, आणि दुसऱ्यांना क्षमा करण्याची ओळ आली की बूटवालीला नेमका खोकला येई. पुढची ओळ लागली की घसा साफ. बाकी बाई धर्माला चोख. आजाऱ्याच्या घरी डबा आधी हिचा पोचायचा, अनाथाश्रमातल्या पोरांचे बूट ही फुकट शिवायची. फक्त समोरच्या दुकानाचा विषय निघाला, की तिची भक्ती उंबऱ्याबाहेरच थांबायची.

समोरचं दुकान भाऊजींचं. भाऊजी म्हणजे तिच्या नवऱ्याचे जोडीदार. एके काळी तिघं एकाच बाकावर बसत. नवरा चामडं कापी, ही शिवण घाली, भाऊजी टाच ठोकत आणि ठोकता ठोकता गात. "अरे, टाच ठोक, सुराला कशाला ठोकतोस?" असं नवरा म्हणे. खिडकीतून ऊन बाकावर यायचं, चामडं चिकटवायच्या सरसाचा वास नाकात बसायचा. दुपारचा चहा तीन पेल्यांत ओतला जाई. ज्याच्या पेल्यात घोटभर जास्त पडे त्याला उरलेले दोघं दिवसभर चोर म्हणत.

मग नवऱ्याचा हात थरथरायला लागला. भाऊजींनी ते गिऱ्हाइकांच्या कानात सांगितलं, आणि गिऱ्हाइकांसकट रस्ता ओलांडून स्वतःचं दुकान थाटलं. वर्षाच्या आत नवरा गेला. दफनाच्या दिवशी भाऊजी कबरस्तानाच्या फाटकाशी उभे राहिले आणि तिथूनच परतले. त्या संध्याकाळी तिने भिंतीवरच्या साच्यांतून ज्यावर त्यांचे बूट बेतायचे तो भाऊजींच्या पायाचा लाकडी साचा काढला आणि शेगडीत घातला.

त्याला पुष्कळ वर्षं झाली. आणि आता भाऊजींची मुलगी दारात उभी होती.

"काकू, बाबांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. दवाखान्याचा बूट घासतो. डॉक्टर म्हणतात, पुन्हा जखम झाली तर पाऊलच जाईल. बाबांना स्वतःला आता आरी हातात धरवत नाही."

"त्यांनी पाठवलं तुला?"

"छे! ते म्हणाले, मेलो तरी तिच्याकडे जाऊ नकोस. म्हणून आले."

"शहाणी आहेस. बापावर नाही गेलीस."

बूट करायचं तिने कबूल केलं. पण माप घ्यायला काही गेली नाही. माप घ्यायचं म्हणजे गिऱ्हाईक खुर्चीत, कारागीर जमिनीवर आणि पाऊल कारागिराच्या मांडीवर. नवऱ्याने घालून दिलेली रीत ती, मोठ्या साहेबालाही तीच आणि हमालालाही तीच. "त्यांचं माप मला तोंडपाठ आहे," ती मुलीला म्हणाली. आठवणीवरून साचा तासला, गेलेल्या बोटांच्या जागी लोकर भरली, मऊ चामडं लावलं. बूट असा देखणा झाला की पाठवताना तिला वाटलं, देवाच्या दरबारी आपल्या नावावर बरंच काही जमा झालं. शिवाय त्या माणसाचं तोंडही बघावं लागलं नाही.

आठवड्याच्या आत मुलगी बूट हातात घेऊन परत आली. आतल्या अस्तरावर रक्ताचा डाग होता.

बूटवालीने बुटात हात घालून बोटं फिरवली. शिवणीत खोट नव्हती. पण बूट झाला होता तो इथं बसून बेसूर गाणाऱ्या तरुणाच्या पायाचा. त्या पायाचा मालक आता कुठे होता? बोटं गेली की चवडा पसरतो, कमान खचते, सगळा भार टाचेच्या एका कडेला जातो. माप न घेता बूट! हाताखालच्या नवख्याने हे केलं असतं, तर तिने त्याला बाकावरून उठवलं असतं.

प्रभूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि दर वेळी मनात म्हणायची, बरं आहे, त्या बारांतला कोणी समोर दुकान थाटून बसला नव्हता. आज बुटात हात असताना तिच्या ध्यानात आलं, की त्यांतल्या एकाने त्याहून वाईट केलं होतं, प्रभूलाच पकडून दिलं होतं. पाय त्याचेही धुतले गेले होते.

तिने मापाची फीत आणि कागद घेतला, दुकानाला कडी घातली आणि रस्ता ओलांडला.

भाऊजी खुर्चीत होते. तिला बघून त्यांनी पाय खुर्चीखाली ओढला.

"वहिनी, तुम्ही खाली बसू नका."

"मग काय तुमचा पाय टेबलावर ठेवू? द्या इकडे."

ती जमिनीवर बसली. मोजा हळूच उतरवला. पट्टी बांधलेलं, सुजलेलं, अनोळखी पाऊल तिने मांडीवर घेतलं. ते थंडगार होतं. माप सुरू करण्याआधी तिने ते थोडा वेळ दोन्ही हातांत नुसतं धरून ठेवलं.

"त्याचा हात कापतो हे मी सांगत फिरलो," भाऊजी वरून म्हणाले.

"कापत होताच."

"सांगायला नको होतं."

"नको होतं." तिने फीत चवड्याभोवती घेतली. "आम्हा दोघांना फार लागलं ते. मी तुमचा साचा जाळला, माहीत आहे?"

"पोरीने सांगितलं नाही."

"तिला कुठे ठाऊक? मी सोडलं ते सगळं, भाऊजी. आज, इथं. आता पाय ढिला सोडा, ताठ धरलात तर माप पुन्हा चुकेल."

पाय काही ढिला होईना. भाऊजी तोंडावर हात घेऊन रडत होते, आणि रडणाऱ्या माणसाचं पाऊल स्थिर राहत नाही. म्हणून ती थांबली. फीत मांडीवर ठेवून, घाई न करता, रस्त्यापलीकडे दुकान बंद असताना, पाऊल शांत होईपर्यंत बसून राहिली.