बटण रेशमावर, ताप सुतीचा

मित्रांनो, मी एक जुनी विजेची इस्त्री आहे. माझ्या हातून एकदा फार वाईट घडलं. हातून म्हणायचं आपलं, मला नुसती मूठ आहे. पण ते आठवलं की आजही लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मी मनाच्या आजारांच्या वॉर्डात आले तेव्हा माझा तळ लखलखीत होता. तिथे औषधं डॉक्टर देत. व्यवसायोपचार करणाऱ्या ताई मात्र आजारात सुटून गेलेली रोजची कामं माणसांच्या हातात पुन्हा बसवत. चहा करणं, गुंड्या लावणं, इस्त्री करणं. रोज सकाळी कपाटाचं कुलूप काढून त्या मला बाहेर आणत. "आमची इस्त्री फार गुणाची," म्हणत. मी फुगून जायचे.

एकदा आवराआवरीत मी टेबलावरून पडले. ताईंनी मला उचललं, पुसलं, दिवा लागतो का पाहिलं आणि ठेवून दिलं. आतून मात्र माझं बिनसलं होतं. बटण रेशमावर असलं तरी मी सुती कपड्याइतकी तापू लागले.

त्याच आठवड्यात वॉर्डात उपचार घेणाऱ्या एका मावशींची इस्त्री करायची पाळी आली. बहिणीबरोबर वीस वर्षं लॉन्ड्री चालवलेली बाई. शुक्रवारी त्यांना घरी जायचं होतं, पण काम नीट जमतंय असं ताईंनी लिहिलं तरच डॉक्टर सोडणार होते. समोर बहिणीचा रेशमी शर्ट होता. मावशींनी बटण रेशमावर ठेवलं आणि ताप बघायला बोटं ओली करून माझ्यावर पाणी शिंपडलं. मी चर्र केलं. मला बोलता येतं ते एवढंच.

"ताई, ही जास्त तापलीय. बटण बिघडलंय हिचं."

"बटण बरोबर आहे, मावशी. घाबरू नका, फिरवा."

मावशी थबकल्या. ज्याला घरी जायचं असतं ते माणूस वाद घालत नाही. त्यांनी मला टेकवलं, आणि शर्टाच्या पाठीवर माझा तपकिरी ठसा उमटला.

ताईंनी वहीत लिहिलं, 'उष्णतेचा अंदाज येत नाही. चूक वस्तूवर ढकलतात.' शुक्रवारी बहीण आली आणि एकटीच परत गेली. त्यानंतर मावशी खोलीत येत, पण हात मांड्यांखाली दाबून बसत. मी कपाटातून बघायचे आणि मला स्वतःची किळस यायची.

बाकी सगळे सुती कपडेच आणत, म्हणून माझा बिघाड उघड झाला नाही. दहा दिवसांनी ताईंनी स्वतःच्या रेशमी स्कार्फला इस्त्री केली. तो जळला. मग बटण अगदी खाली आणून, थोडं थांबून त्यांनी पाणी शिंपडलं. मी चर्र केलं. ताईंचा चेहरा पार उतरला. सगळ्यांसमोर त्या मावशींपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, तुमचं बरोबर होतं. इस्त्रीच बिघडलीय. मी तपासलं नाही. माझं चुकलं."

मावशींनी हात हळूच बाहेर काढले.

"मला कळलं होतं, ताई. पण तुम्ही म्हणालात, तेव्हा वाटलं, माझंच डोकं अजून ठिकाणावर नाही."

ताईंनी वहीतला अहवाल त्याच दिवशी बदलला. दोन दिवसांनी मावशी बहिणीबरोबर गेल्या. मला मिस्त्रीनं दुरुस्त केलं, पण माझी लाज काही गेली नाही.

मित्रांनो, पडलेली वस्तू नुसती पुसून ठेवू नका, तपासा. आणि आजारी माणूस काही सांगत असेल, तर ते आजारातून आलंय असं आधीच ठरवू नका. आता ज्याची पाळी असते, त्यालाच ताई पाणी शिंपडायला देतात. "काय म्हणतेय ही?" असं विचारतात, आणि तो सांगेल ते वहीत सगळ्यात आधी लिहितात.