लंकाची चक्की

माझ्या पिकअपला लोक काय काय म्हणायचे ते सगळं मी इथं लिहीत नाही. मूळची ती जीप. मागचा भाग कापून कुणीतरी त्यावर हौदा बसवलेला, आणि त्या हौद्याचा पत्रा असा कुजलेला की वांग्यांची पाटी ठेवली तर वांगी खालून रस्त्यावर. म्हणून मी मागं दोन चाकांचा ट्रेलर जोडायचो आणि सगळा माल त्यावर टाकायचो. मखमलाबादहून पंचवटीच्या बाजारात रोजची भाजी अशीच जायची. गाडी म्हातारी झाली हे मी स्वतः दिवसातून चारदा म्हणायचो. दुसऱ्या कुणी म्हटलं की मात्र माझं डोकं फिरायचं.

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं सगळं या गाडीवर येऊन पडलं.

लंका माझ्या पाठची. पेठच्या वाटेवर सावळघाट चढून गेलं की आत बोरपाडा लागतो, तिथं दिलेली. आदल्या पावसाळ्यात तिचा नवरा गेला. दिवाळीपर्यंत ती आमच्याकडे राहिली आणि मग एके दिवशी पिशवी भरून म्हणाली, "दादा, मी माघारी जाते. पण दिराच्या चुलीपुढं हात पसरून नाय खायची मी." तिच्या डोक्यात पिठाची चक्की होती. बोरपाड्याच्या बायकांना दळण डोक्यावर घेऊन पेठपर्यंत तंगडतोड करावी लागायची. गावात चक्की आली तर त्यांचे पाय वाचणार होते आणि लंकाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नव्हतं.

आम्ही एक जुनी चक्की आणि तिचं डिझेल इंजिन मिळवलं. गावच्या पंचांनी देवळामागची रिकामी खोली तिला द्यायचं कबूल केलं, पण अट घातली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चक्की सुरू झाली पाहिजे, नाहीतर खोली दिराला. दीर तिथं किराणा दुकान टाकायला टपूनच बसला होता. खोली गेली म्हणजे चक्की गेली, आणि लंका पुन्हा त्याच्याच चुलीपुढं.

"चक्की मी आणून देतो," मी म्हणालो. छाती काढून म्हणालो. ट्रॅक्टरवाले आखाजीच्या आधी कुणी रिकामे नव्हते, आणि असते तरी मी विचारलं नसतं.

होळी झाल्यावर निघालो. चक्कीचे दगड आणि इंजिन ट्रेलरवर दोरानं आवळून बांधलं, आणि वेळ पडली तर चाकामागं दगड लावायला शेजारचा काळू बरोबर घेतला. सपाटीला गाडी ठीक चालली. घाट लागला तसा पहिला गिअर टाकला, पाय पार तळाला टेकवला, तरी गाडी जेवून झोपायला निघाल्यासारखी. इंजिन गुरगुरत होतं, जोर म्हणून येत नव्हता. दुसऱ्या वळणावर ती थांबली आणि हळूच मागं यायला लागली. काळूनं धावत जाऊन दगड लावले म्हणून वाचलो. मागं एसटी खोळंबली. तिच्या ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढून विचारलं, "बाबा, बैल आणू का?" सगळी एसटी हसली.

ट्रेलर सोडून, ढकलून, गाडी वळवून आम्ही चक्कीसकट परत आलो. तिकडं लंका वाटेवर उभी होती, पाट्या घेऊन आलेल्या बायका तिच्याबरोबर. अंधार पडल्यावर त्या एकेक करून घरी गेल्या, हे मला मागाहून कळलं. दोन दिवसांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर तिचा निरोप आला: "दादाला म्हणावं, जिवाला लावून घेऊ नको. नाय जमत तर राहू दे." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग सातपूरला धोंडीराम मिस्त्रीकडे गेलो. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं. गॅरेजला जायच्या दिवशी गाडी झाडून घ्यायची आणि पायाखालची गोधडी काढून घरी ठेवायची, ही माझी पद्धत. त्या गोधडीचं सांगायला हवं. मी गाडी अनवाणी चालवतो. चप्पल पेडलला अडकते. आणि या गाडीचा खालचा पत्रा इंजिनानं असा तापतो की त्यावर भाकरी भाजावी. लंका आमच्याकडे होती तेव्हा तिनं माझे तळवे पाहिले. त्याच दिवशी शिवायला बसली. आईची जुनी लुगडी आणि नवऱ्याची धोतरं, थरावर थर घालून, बोट रुतणार नाही इतके घट्ट टाके घातले. जायच्या दिवशी स्वतः वाकून ती गोधडी माझ्या पायाखाली पेडलपर्यंत सारली आणि म्हणाली, "आता चालव." असली वस्तू गॅरेजच्या ऑइलात माखलेल्या पायांखाली कोण देईल? सातपूरपर्यंत रिकामी गाडी, तेवढ्यापुरता तळवा जेमतेम टेकवत मी हळूहळू जायचो.

धोंडीरामनं प्लग काढून घासले, कार्ब्युरेटर धुतला, आणि वर विचारलं, "भाऊ, पेट्रोलात घासलेट तर नाय ना घालत?" मी उठून तासभर बाहेर रस्त्यावर जाऊन बसलो. त्यानं एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मस्त पळती." घरी आलो, गोधडी जागेवर घातली, भाजीचा ट्रेलर जोडला. गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, वर येणाऱ्या चढावर गाडी पुन्हा पाय ओढायला लागली.

परत गेलो. त्यानं टायमिंग पाहिलं, क्लच पाहिला, ट्रेलरच्या चाकांना ग्रीस भरलं, टायरमधली हवा वाढवली आणि वजन ट्रेलरच्या मधोमध बांधायला सांगितलं. सगळं बरोबरच होतं त्याचं. गाडी मात्र घरी आली की आजारी.

तिसऱ्या वेळी मी भांडायलाच गेलो. ट्रेलर जोडूनच नेला. धोंडीरामनं त्यात गॅरेजमधलं भंगार लोखंड भरलं, मला शेजारी बसवलं आणि त्र्यंबकच्या रस्त्याला लागला. तिथल्या चढावर त्याच्या पायाखाली ती गाडी ट्रेलरसकट अशी उधळली की मला दार धरून बसावं लागलं.

"भाऊ," उतरल्यावर तो हात पुसत म्हणाला, "राग नका मानू. गाडी लय चांगली हाय. पाय कमी पडतोय तुमचा."

राग तर आलाच. पण घरी येताना राग उतरला आणि त्या जागी भीती बसली. त्यानं चालवली तर पळते, मी चालवली तर मरते. म्हणजे खोट माझ्यात. पन्नाशी उलटून गेली होती, गुडघे बोलायला लागले होते. मी सुमनबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की माझ्या पायातला जोर गेलाय. तिनं मोहरीचं तेल कोमट करून रोज माझा उजवा पाय चोळला. फक्त उजवा. डावा म्हणाला असेल, माझं काय चुकलं!

"धोंडीरामलाच न्या की घाटापर्यंत," ती एकदा म्हणाली.

"बहिणीची चक्की मिस्त्रीनं नेऊन पोचवायची? मग मी कशाला हाय?"

"तुम्ही गप बसायला," ती म्हणाली, पण पुन्हा तो विषय तिनं काढला नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी निघायचं ठरलं. या वेळी काळूला नेणार नव्हतो. मागच्या खेपेची हकिकत त्यानं सगळ्या बाजाराला अभिनयासह सांगितली होती. चाकामागं दगड लावायला सुमनबाईच येणार होती. सकाळी ट्रेलर बांधून गाडीत बसतो तर पायाखाली गोधडी नाही.

"धुतली," सुमनबाई म्हणाली. "तेलकट, काळीकुट्ट झालेली. वन्संच्या दारात त्यांच्याच हातची गोधडी असल्या रूपात न्यायची? मला लाज हाय."

"अगं, आजच? माझे तळवे भाजतील!"

"भाजू द्या. इंजिनावर वाळत घातलीय, पोचेपर्यंत वाळंल."

मागं वळून पाहिलं. चक्कीच्या इंजिनावर ती ओली गोधडी पसरलेली, वरून दोर आवळलेला. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत गाडी चालू केली. पेठ नाका मागं पडेपर्यंत तळपाय चटचटायला लागला होता. मी पाय उचलून धरत होतो, जेमतेम टेकवत होतो.

घाट दिसला. खाली गाडी उभी केली, पाणी प्यालो. सुमनबाईनं हात जोडले. कुणाला ते मी विचारलं नाही. पहिला गिअर टाकला, निघालो. पहिल्या वळणावर चढ अंगावर आला तसा मी पाय दाबला. नेहमीच्या जागी टेकेल म्हणून दाबला, पण तो टेकलाच नाही. जिना संपला म्हणून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसा पाय खाली गेला, आणखी खाली गेला, आणि पार पत्र्याला लागला. इंजिन गरजलं. ट्रेलरला हिसका बसला आणि गाडी वर निघाली.

"अहो, हळू! काय झालं हिला?" सुमनबाई ओरडली.

दुसरं वळण आलं. जिथं एसटी हसली होती ती जागा आली आणि गेली. तळवा पोळत होता आणि मी तो तसाच दाबून धरला होता. तिथं मला सगळं लख्ख कळलं. गाडी कधीपासून मंदावली, असं कुणी विचारलं असतं तर मी दिवाळीपासून असं म्हटलं असतं. गोधडी कधीपासून आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी हसायला लागलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

"ऊन लागलं का तुम्हाला?" ती घाबरली.

"सुमन, गोधडी!"

"वाळतीय की मागं."

"वाळू दे गं बाई. वाळू दे."

घाटमाथ्यावर गाडी थांबवली. खाली उतरून मी गोधडी आणली, पेडलखाली सारली, आणि सुमनबाईला म्हटलं, हातानं दाब. पेडल अर्ध्यात गेलं आणि गोधडीवर टेकून बसलं. कितीही जोर लावा, खाली जाईना. तिनं एकदा गोधडीकडे पाहिलं, एकदा माझ्या उजव्या पायाकडे, आणि महिनाभर चोळलेल्या तेलाची आठवण होऊन ती रस्त्याच्या कडेला हसत खाली बसली. मला इतकं हलकं वाटत होतं की तिचा रागही येईना. माझा पाय चांगला होता. गाडी चांगली होती. चक्की वर आली होती.

हसू ओसरल्यावर ती उठली, पदर झटकला.

"हे वन्संना सांगायचं नाय हां," ती म्हणाली.

मला ते सांगायची गरज नव्हती. लंकानं जीव ओतून शिवलेली गोधडी लंकाचीच चक्की अडवून बसली होती, हे तिच्या कानावर घालून काय मिळणार होतं? नवऱ्याची धोतरं होती ती. गोधडी पुन्हा इंजिनावर टाकून आम्ही बोरपाड्याकडे उतरलो.

लंका वाटेवर उभी नव्हती. मागच्या वेळचा धडा घेऊन ती घरात बसली होती, असं तिनंच सांगितलं. गाडीचा आवाज ऐकून धावत बाहेर आली आणि इंजिनाला हात लावून तशीच उभी राहिली. मग शेजारणींना हाका मारत सुटली. चक्कीसाठी पाया आधीच बांधून ठेवला होता, विहिरींवरची इंजिनं बघणारा पुंजाराम पाने घेऊन तयार होता. संध्याकाळपर्यंत सगळं बसलं. दीर एकदा येऊन पाहून गेला.

आखाजीच्या सकाळी पुंजारामनं हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि टुकटुकायला लागलं. पट्टा फिरला. लंकानं इंजिनाला हळदकुंकू लावलं. पहिलं दळण तिनं स्वतःचं टाकलं, गरम पीठ ओंजळीत घेतलं, माझ्याजवळ आली आणि रडत सुटली. मीही रडलो. आता लपवून काय करू?

आणि तेवढ्यात तिची नजर माझ्या पायाकडे गेली. तळव्याला हा एवढा फोड आला होता, मी टाचेवर उभा होतो.

"दादा! गोधडी कुठंय?"

"धुतली होती काल," मी म्हणालो. "वाळली नव्हती." सुमनबाईनं तोंडाला पदर लावला.

लंका माझ्या पायाकडे बघत राहिली. तिच्या त्या बघण्याची मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. नाशिकला आल्यावर मी धोंडीरामला आंबे नेऊन दिले आणि खरं काय ते सांगितलं. तो टायरवर बसून हसला. पुढं दिवाळीला भाऊबीजेला लंका आली. चक्कीमुळे तब्येत सुधारली होती, हातात स्वतःच्या पैशाच्या बांगड्या होत्या. ओवाळून झाल्यावर तिनं पिशवीतून नवी गोधडी काढली. पहिलीच्या दुप्पट जाड.

"एक धुतली तर दुसरी असावी," ती म्हणाली. "आता पाय भाजायचा नाय."

ती गोधडी माझ्या सीटमागं असते. बोरपाड्याला निघालो की घाट चढेपर्यंत ती मागं, आणि माझा तळवा पत्र्यावर. घाटमाथ्यावर गाडी उभी करायची, गोधडी झटकून पेडलखाली नीट सारायची, कडा सरळ करायच्या, आणि मग उतारानं तिच्या दारात जायचं. चक्कीच्या आवाजातही तिला माझी गाडी ऐकू येते. पिठानं पांढरी झालेली ती बाहेर येते, दार उघडते, आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी वाकून माझ्या पायाखाली बघते.