पान एकशे एकोणतीस

"म्हणजे तुम्हीच कापलंत," त्या बाई म्हणाल्या.

मी हो म्हणालो. चाळीस वर्षांपूर्वी एकदा खोटंच हो म्हणून बसलो होतो. निदान हे तरी खरं असावं.

बाई टेबलापलीकडे पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. वय पन्नाशीचं, पेशाने नर्स. आमच्यामध्ये एक जुनी कादंबरी होती, 'तिसऱ्या चंद्रावरचा दिवा'. तिच्यावर पाणीखात्याचा एक पिवळा पडलेला तक्ता. त्याच्या पाठीवर त्यांच्या वडिलांनी प्रकरणांची यादी केली होती. यादीत प्रकरणं एकोणीस, पुस्तकात अठरा. वडील गेल्या महिन्यात गेले. घर आवरताना यादी सापडली आणि पुस्तकातला छापखान्याचा पत्ता घेऊन बाई माझ्यापर्यंत आल्या. छापखाना बंद पडून जमाना झाला. मागच्या खोलीत मी अजून राहतो, कारण मला हाकलायचं कुणाला सुचलंच नाही.

त्यांच्या वडिलांना आम्ही आभाळराव म्हणायचो. तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग येत नसे. नाकासमोर चालणारा माणूस. दिवसभर पाणीखात्यात कुठल्या नळाला किती दाब याच्या नोंदी करायचे आणि संध्याकाळी रद्द झालेल्या तक्त्यांच्या पाठीवर लांबच्या ग्रहांवर माणसं पाठवायचे. अकरा कादंबऱ्या लिहिल्या. यानं, यंत्रं, दोन-दोन सूर्य, सगळं असायचं, पण माझ्या लक्षात राहायचं ते वेगळंच. तिथे एकटा पडलेला माणूस सवयीने दोघांचा चहा टाकायचा आणि मग एक कप परत भांड्यात ओतायचा.

"आभाळराव, तुमच्या ग्रहांवर वस्ती कधी होणार हो?" मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता विचारायचो.

"जागा मिळाली की," ते म्हणायचे.

आमच्या मालकांचा एक नियम होता. कादंबरी म्हणजे आठ फर्मे. एका फर्म्यात सोळा पानं, म्हणजे एकूण एकशे अठ्ठावीस, वर एक ओळ नाही. मजकूर वाढला की मालक म्हणायचे, "शेपूट छाट." मी छाटायचो आणि जिथे जागा संपेल तिथे 'समाप्त' घालायचो. आभाळरावांची माणसं हस्तलिखितात शेवटी घरी यायची. छापलेल्या पुस्तकातून एकही आला नाही. गंमत म्हणजे वाचकांना तेच आवडलं! पत्रं यायची, काय शेवट केलाय, जेवण गेलं नाही. आभाळरावांनी मात्र पहिल्याच पुस्तकानंतर कानाला खडा लावला. छापलेलं पुस्तक ते उघडून बघायचे नाहीत.

'दिव्या'च्या वेळी ते भर दुपारी कचेरीतून उठून आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "याचं शेवटचं प्रकरण तेवढं ठेवा. हवं तर लढाई काढा, वादळ काढा. मुलीला पाठवायचंय."

मुलगी सात वर्षांची असताना तिची आई गेली. एका खोलीत राहून, नोकरी सांभाळून पोर कशी वाढवणार? म्हणून त्यांनी तिला दुसऱ्या गावी मावशीकडे ठेवलं. मोठं घर मिळालं की न्यायला येतो, असा शब्द दिला होता. त्याला तीन वर्षं होत आली होती.

"काळजी करू नका. माझ्यावर सोडा," मी म्हणालो. मोठा आलो शब्द देणारा!

प्रकरण छोटंसं होतं, जेमतेम एका पानाचं. मी ते जुळवलंसुद्धा. पण ते एकशे एकोणतिसावं झालं. लढाई काढावी, वादळ काढावं, तर दोन्ही तिसऱ्या फर्म्यात, आणि तो फर्मा छापून कोरडा झालेला. शिवाय मुखपृष्ठावर लढाईचंच चित्र. मालक म्हणाले, "एका पानासाठी नववा फर्मा? डोकं ठिकाणावर आहे का? सोड ते." सोडायचं म्हणजे जुळवलेले खिळे सुटे करून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. मी ते पान एकेक अक्षर करून सोडलं.

दोन आठवड्यांनी आभाळराव प्रती न्यायला आले.

"ठेवलंत ना?"

"हो."

भित्रेपणा, दुसरं काही नाही. मला वाटलं, उघडून तर बघणार नाहीतच. बघितलं नाहीच त्यांनी. वरची एक प्रत सुतळीतून सरकवून काढली, कागदात गुंडाळली आणि माझ्याच टेबलावर, माझ्याच दौतीतल्या शाईने मावशीचा पत्ता लिहिला.

हे सगळं मी बाईंना सांगितलं.

"एका बैठकीत वाचलं मी ते," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांची होते. तो माणूस मुलीला बहिणीकडे ठेवून जातो, परत येतो म्हणून सांगतो. शेवटी घरी जाणारं यान त्याच्या डोळ्यांदेखत निघून जातं आणि तो पुन्हा दिवा लावत बसतो. समाप्त. मला वाटलं, बाबांना तोंडाने सांगता येईना, म्हणून पुस्तक लिहून सांगितलं."

"अहो, पण—"

"चार महिन्यांनी ते आले. दोन खोल्या मिळाल्या होत्या. मी मावशीच्या मागे लपले. म्हटलं, मी नाही येणार. त्यांनी एकच विचारलं, 'पुस्तक वाचलंस ना?' मी म्हटलं, वाचलं. मग पाणी प्यायले आणि गेले."

म्हणजे त्या माणसाला आयुष्यभर वाटत राहिलं, की पोरीने शेवटचं पान वाचलं आणि तरीसुद्धा नाही म्हणाली. त्यानंतरच्या चार कादंबऱ्यांत कुणी परत आलं नाही, पार हस्तलिखितातसुद्धा. बरोबर आठ फर्म्यांत बसायच्या. मी आपला खूश, म्हटलं, आता जमलं यांना.

"पुढे वर्षातून एकदा यायचे भेटायला," बाई म्हणाल्या. "माझ्या लग्नातसुद्धा पाहुण्यासारखे बसले होते. त्यांच्या घरी मी गेले ती आता, ते गेल्यावर." मग त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "काय होतं त्या पानात?"

"डोक्याला विचाराल तर आठवत नाही," मी म्हणालो. "पण हातांनी ते दोनदा केलंय. एकदा जुळवताना, एकदा सोडताना."

खिळ्यांची एक पेटी मी अजून ठेवली आहे. चष्मा पुसून उभा राहिलो. बोटं खण चुकत नव्हती. अर्धंच आठवलं, शेवटचं. तासाभराने शाई लावली, कागद ठेवला आणि तळहाताने दाबून ठसा घेतला. खाली आकडा घातला होता, १२९. बाईंनी उभं राहूनच वाचलं.

'दार एका उंच मुलीने उघडलं. "कोण पाहिजे?" तिने विचारलं. त्याला नाव सांगता येईना. चौकटीवर पेन्सिलीच्या तीन रेघा होत्या, पाच वर्षांची, सहा वर्षांची, सात वर्षांची. त्याने त्यांच्यावरून हात फिरवला. मुलगी बघत राहिली. मग चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "बऱ्याच मोजायच्या राहिल्यात, बाबा."'

बाई खुर्चीवर बसल्या.

"जुन्या खोलीत होत्या अशा रेघा. दर वाढदिवसाला बाबा माझी उंची मोजायचे. परवा बाबांच्या त्या दोन खोल्यांच्या चौकटीवरही तीन दिसल्या. मी तर तिथे कधी राहिलेच नाही. म्हटलं, सुताराच्या असतील."

"तुम्हाला न्यायला यायच्या आधी त्यांनी नव्या चौकटीवर उतरवून घेतल्या असणार."

"हो." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मी फडकं घेऊन घर पुसत होते."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "पुसल्यात?"

"दोन. मग दाराशी कुणीतरी आलं, तिसरी राहिली."

माफी मागायला तोंड उघडलं, तर भलतंच निघालं. "खाली 'समाप्त' घालायचं राहिलं. घालू का?"

"नको," त्या म्हणाल्या.

त्यांनी तो कागद पुस्तकात शेवटच्या पानापुढे ठेवला. शाई ओली होती, पुस्तक मिटता येईना. थोडं थांबा, वाळेल, असं मी म्हणालो, पण त्यांना घाई होती. पुस्तक तसंच उघडं, दोन्ही हातांवर धरून त्या जिना उतरल्या आणि पुसायची राहिलेली ती एक रेघ बघायला गेल्या.