चार इंचांची शेखी

मित्रांनो, मी एक जुनी लाकूड घासायची मशीन आहे. सुतार मला बेल्ट सँडर म्हणतात. माझ्या पोटाखाली दोन रुळांवर खरखरीत पट्टा ताणलेला असतो. बटण दाबलं की तो गरगर फिरतो आणि खडबडीत फळी सपाट करतो. काम चांगलं आहे. तरी माझी गोष्ट सांगताना मला मान वर करवत नाही, कारण तिची सुरुवातच फुकटच्या ऐटीतून झाली.

कारखान्यात माझे सुटे भाग जोडले, मला फिरवून पाहिलं आणि एका हत्यारांच्या दुकानात धाडलं. तिथे फडताळात माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण बसायची. तिचा पट्टा तीन इंच रुंद, माझा चार इंच. तिला कोणीही सहज उचलायचं. मला उचलताना दुकानदाराच्या मानेच्या शिरा ताणल्या जायच्या. मला वाटायचं, थोरपण म्हणतात ते हेच. मी बहिणीकडे ढुंकूनही बघत नसे.

एक दिवस दुकानात एक म्हातारे मिस्तरी आले. त्यांची बोटं गाठाळ होती आणि कानावर पेन्सिल होती. जन्मभर त्यांनी रंधा मारून आणि हाताने पॉलिश पेपर घासून कामं केली होती. मशीन पहिल्यांदाच घेत होते.

"काम कसलं करता, काका?" दुकानदाराने विचारलं.

"सगळंच. दारं, कपाटं, टेबलं."

"मग तीन इंची घ्या. उभ्या कपाटाला लावायची तर हलकीच बरी. मोठी मशीन मोठ्या, आडव्या फळीला. नाहीतर नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

बाजूला एक तरुण सुतार बिजागऱ्या बघत उभा होता. तो फिस्सकन हसला. तेवढं पुरलं.

"मी बाहुलीच्या खुर्च्या करत नाही," मिस्तरी म्हणाले. "ती मोठी काढा."

"निदान हात लांब करून थोडा वेळ धरून तरी बघा."

"धरायचंय काय त्यात? मशीन आहे, तान्हं मूल नाही." असं म्हणून त्यांनी मला काखेत मारलं आणि चालू लागले. बहीण मागे राहिली. मला केवढा आनंद झाला होता, तो आठवला की आता अंग चोरावंसं वाटतं.

मिस्तरींचं कामाचं ठिकाण म्हणजे घरामागची लांबट पत्र्याची खोली. तिथे त्यांची थोरली मुलगी त्यांच्याबरोबर काम करायची. ती वडिलांच्या हाताखालीच शिकलेली, पक्की सुतार. सगळे तिला थोरलीच म्हणत. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. दाराची फळी आडवी टाकायची आणि मला तिच्यावर सोडायचं. माझ्याच वजनाने मी एकसारखी फिरायचे. लोक फळीवर तळवा फिरवून म्हणायचे, "मिस्तरी, इस्त्री केलीत की लाकडाला." मी फुगून जायचे. मिस्तरीही फुगायचे.

पण सगळंच लाकूड आडवं पडून राहत नाही, मित्रांनो. कपाट उभं असतं. खुर्चीचा पाय अरुंद असतो. अशा ठिकाणी मला हवेत तोलून धरावं लागे आणि मिस्तरींचं उजवं मनगट थरथरायचं. मी उजवीकडे कलायचे. कलले की माझी कड लाकडात रुतायची आणि बोटभर खळगा पडायचा. मग मिस्तरी इकडे तिकडे बघत, भुसा आणि सरस कालवून तो खळगा भरायचे. वरून पॉलिश चढलं की कोणाला दिसत नसे. मला दिसत असे. त्या घरांतली कपाटं अजूनही माझे वण झाकून उभी असतील.

मग शेजारच्या शिक्षिकाबाईंचं जेवणाचं टेबल आलं. त्याचा वरचा रंग उडाला होता. थोरलीने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "बाबा, याला वरून भारी लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलाय. हातानेच घासा. मशीन लावली तर संपलंच."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही, सांगतेय." आणि ती एका घरी खिडकी बसवायला निघून गेली.

मिस्तरींनी थोडा वेळ हाताने घासलं. मनगट ठणकायला लागलं, तेव्हा त्यांनी मलाच उचललं. दोन्ही हातांनी, ओठ दाबून. मी टेबलावर टेकले, सुरू झाले आणि कोपऱ्याशी अर्धी बाहेर येताच नेहमीसारखी उजवीकडे कलले. पापुद्रा कागदासारखा उडाला. खालचं फिकं, हलकं लाकूड उघडं पडलं. मिस्तरींनी बटण बंद केलं. खोलीत नुसता भुसा खाली बसत होता.

नेमक्या तेव्हाच बाई दारात आल्या. "हे काय झालं, मिस्तरी?"

"आतून सडलंय, बाई. हात लावला आणि सुटलं."

बाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "सडलंय म्हणता? मग मोडून टाका. ठेवून काय करायचं?" एवढं बोलून त्या गेल्या.

मित्रांनो, ते टेबल ठणठणीत होतं. माझ्या जडपणाने त्याची कातडी गेली होती, आणि आता त्याचा जीवही जाणार होता. मला जीभ असती तर मी ओरडले असते. मिस्तरींना जीभ होती, ते गप्प बसले.

थोरली परत आली. तिने कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "बाईंना काय सांगितलंत?"

"सडलंय म्हणून."

"आणि सडलंय का?"

मिस्तरी म्हणाले, "मशीनच बेकार निघाली."

थोरलीने एक टाकाऊ फळी बाकाला उभी आवळली. वडिलांच्या कानावरची पेन्सिल काढून तिने फळीवर आडव्या रेघा मारल्या. हे तिला त्यांनीच शिकवलेलं. रेघा सगळ्या एकदम पुसल्या गेल्या तर हात समतोल आहे, असं समजायचं. "चालवा," ती म्हणाली.

त्यांनी मला चालवलं. मी मनातून विनवत होते की निदान आज तरी सरळ राहू दे. पण वजन विनवण्या ऐकत नाही. रेघांची उजवी टोकं साफ गेली. डावी टोकं जशीच्या तशी राहिली. माझ्याच पोटाखालून माझ्या मालकाविरुद्ध साक्ष निघाली होती.

"मनगट कधीपासून दुखतंय, बाबा?"

मिस्तरींनी मला बाजूला ठेवलं. "त्या दिवशी दुकानात तो पोरगा हसला नसता, तर मी लहानच घेणार होतो."

"तो हसला आणि विसरला. तुम्ही मात्र अजून त्याला दाखवायला ही धोंड उचलताय."

मिस्तरी तसेच, अंगावरचा भुसाही न झटकता उठले आणि कुंपणापाशी गेले. पलीकडे बाई कपडे वाळत घालत होत्या. पत्र्याच्या खिडकीतून मला सगळं ऐकू आलं.

"बाई, टेबल सडलेलं नाही. माझा हात कलला. मी खोटं बोललो."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "रोज मी पुसते ते टेबल. सडलेलं असतं तर माझ्या फडक्याला आधी कळलं असतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमच्या वयाच्या माणसाला खोटं पाडायला मला लाज वाटली. म्हटलं, तुम्हीच येता का बघू."

मिस्तरी आत आले. सरळ टेबलापाशी जाऊन त्यांनी कोपऱ्याचं माप घेतलं.

नंतर बापलेकीने मिळून टेबलाला नवा पापुद्रा चिकटवला आणि हातानेच गुळगुळीत केला. मिस्तरी स्वतः दुकानात जाऊन तीन इंची मशीन घेऊन आले. ती उभ्या कपाटावर अशी अलगद चालली की मी पाहतच राहिले. मला वाटलं, आपली रवानगी आता भंगारात. पण थोरलीने मला उताणं करून बाकाला घट्ट आवळून टाकलं, पोट वर आणि पाठ खाली. आता मला कोणी उचलत नाही. मिस्तरी स्टुलावर बसतात आणि लहान तुकडे माझ्यापाशी आणून त्यांच्या कडा घासतात. चारचौघांत असं उताणं पडून राहायला संकोच वाटतो. टेबल न्यायला आलेल्या बाईंनी विचारलंच, "ही मेली की काय?"

"नाही हो," मिस्तरी म्हणाले. "ती बसली, मीही बसलो."

बाईंनी टेबलावरून तळवा फिरवला. "कोपरा कोणता होता, सापडत नाही."

"मला सापडतो," मिस्तरी खालमानेने म्हणाले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, हत्यारं घ्याल. घेण्याआधी काम किती रुंद आहे ते बघा. हत्यार हात लांब करून धरा आणि हात काय म्हणतो ते ऐका. शेजारी कोण हसतंय ते ऐकू नका. आणि एवढं करूनही चूक झालीच, तर ती लाकडावर ढकलू नका. लाकडाला बोलता येत नाही.