कडेची खुर्ची

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक जिन्यात बसले होते, खिडक्यांत बसले होते, आणि ज्यांना कुठंच बूड टेकता आलं नाही ते दुसऱ्याच्या खांद्यावरून माना उंचावत होते. समोर भिंतभर पडदा. मंचावर खुर्च्यांची लांब ओळ, जमिनीला पक्की ठोकलेली. त्या ओळीच्या अगदी पुढ्यात कॅमेरा, आणि कॅमेऱ्याशेजारी शुभ्र कपड्यांतले दर्पणमहाराज.

"डोळा फसतो, बाळांनो," महाराज मधाळ आवाजात सांगत होते. "आरसा तुमची लाज राखतो. कॅमेरा कुणाची भीड ठेवत नाही. माणूस त्यात जाड का दिसतो? कारण तो मांस बघतच नाही. तो मनावरचं ओझं बघतो. पाण्यावर राहा, ओझं उतरवा, काया आपोआप उतरेल."

आणि पडद्यावर पुरावा हजर. एका कारकुनाचे दोन फोटो शेजारी शेजारी लागले. मागच्या महिन्यात कडेच्या खुर्चीत बसलेलं पिंप, आज मधल्या खुर्चीत बसलेली काठी. लोकांनी हात जोडले. बायकांनी डोळे पुसले.

तिसऱ्या रांगेत बसलेली ताई तेवढी हात जोडायला विसरली. तिची धाकटी बहीण आता मंचावर चढत होती, आणि चढताना कठडा धरून थांबत होती. महाराजांनी तिला कडेच्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर धाकटीचे दंड फुगले, गाल पसरले. सभागृहातून एक लांबलचक 'अरेरे' उठला.

"ओझं चिवट आहे, पोरी," महाराज म्हणाले. "पाण्याचं व्रत पुढं चालू ठेव."

धाकटी ओठ दाबून रडत खाली उतरली.

या पोरीची गोष्ट एवढीशीच. एका छोट्या वाहिनीवर ती बातम्या वाचायची. नवी म्हणून चर्चेच्या टेबलाशी तिला कायम टोकाची जागा. पहिल्या दिवशी स्वतःला पडद्यावर बघून ती चरकली, तेव्हा शेजारची हसत म्हणाली, "अगं, कॅमेरा वजन वाढवतोच." दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. हिनं मनाला लावून घेतलं. आधी रात्रीचं जेवण सुटलं, मग सकाळचं, आणि मग महाराज भेटले.

घरी आल्यावर ताईनं तिच्यापुढं ताट सरकवलं.

"दोन घास खा. येताना तुझा हात धरला तर नुसतं हाड लागलं गं."

"हातसुद्धा फसतो, ताई."

"हे त्या बाबाचं वाक्य झालं. तुझं सांग."

"तू एवढी देवाची. रोज दिवा लावतेस. आणि साधूला 'बाबा' म्हणून हिणवतेस?"

"देवाची आहे म्हणूनच म्हणते. भूक त्यानंच दिलीय. ती काय तुझी चेष्टा करायला?"

धाकटीनं ताट हळूच परत सरकवलं.

ताई शाळेत विज्ञान शिकवायची. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ती सभागृहातून मिळालेले बहिणीचे फोटो समोर ठेवून बसली. कितीतरी वेळ ती बहिणीकडंच बघत होती. मग नजर बहिणीवरून घसरली आणि खुर्चीवर पडली. एकाच कारखान्यातल्या, एकाच मापाच्या खुर्च्या. मधली ताठ, अरुंद. कडेची मात्र सोफ्यासारखी ऐसपैस.

बरं, माणसाच्या मनावर ओझं. पण खुर्चीनं काय पाप केलं होतं?

तिनं मैदानावरून चेंडू मागवला. फोनचा कॅमेरा सर्वांत रुंद दृश्यावर लावला आणि जवळून फोटो काढले. मधोमध चेंडू गोल. कडेला सरकवला, की आडवं अंडं. जवळ उभं राहून रुंद दृश्य कोंबणारं भिंग कडेच्या वस्तूला बाहेरच्या बाजूला ताणतं. सगळा चमत्कार एवढाच. महाराज आधी माणसाला कडेला बसवत, आणि पाया पडून पडून तो पुरता अंकित झाला की मधे आणत. धाकटीला अजून मधे आणायचं नव्हतं.

घरी तिनं ते फोटो पुढं केले, तर 'महाराजांचा कॅमेरा वेगळा' म्हणत धाकटीनं बघायचंच नाकारलं. पुढच्या सभेला धाकटीला उठवेना. "तू जा," ती उशीवरून म्हणाली. "सांग त्यांना, मी व्रत मोडलेलं नाही."

ताई चेंडू घेऊन गेली. कुणी अडवायच्या आत मंचावर चढली आणि चेंडू कडेच्या खुर्चीत ठेवला. पडद्यावर अंडं उमटलं.

"चेंडूत हवा असते, बाई," महाराज सावरून म्हणाले. "आणि हवेत वासना."

ताईनं चेंडू उचलून मधल्या खुर्चीत ठेवला. तो गोल झाला. "मग एवढ्यात वासना कुठं गेली, महाराज? व्रत तर त्यानं केलेलं नाही."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. "महाराज, तुम्हीच बसा की कडेला. तुम्हाला कसलं आलंय ओझं?"

"आम्ही उभेच बरे," महाराज म्हणाले, आणि ते वाक्य हशात बुडालं. ताई मात्र हसायला थांबली नाही. ती धावत घरी आली.

महाराजांच्या कॅमेऱ्यातही चेंडू फुगला हे ऐकल्यावर धाकटीनं चेंडूचे फोटो बघितले. एकदा, मग पुन्हा.

"म्हणजे मी जाड नव्हतेच?"

"कधीच नव्हतीस गं, राणी."

धाकटीनं डोळे मिटून घेतले. "ताई, भूक लागलीय."

ताईनं चमच्यानं भरवलं. ती जेवली, पोटभर नाही, पण मनापासून. संध्याकाळी तिला धाप लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं केलं, आणि मग ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "उपाशी शरीर शेवटी स्वतःचंच काळीज खातं. फार उशीर झाला होता." दिवस उजाडायच्या आत धाकटी गेली.

भेटायला आलेल्यांत महाराजांचे भक्तही होते. एकजण दबकत म्हणाला, "ताई, श्रद्धा होती हो तिची."

"होती ना," ताई म्हणाली. "माझीही आहे, आजही आहे. पण देवाला प्रश्न विचारला तर तो रागावत नाही. रागावतो तो धंदा. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी वर जाऊन एक चेंडू ठेवून बघा. तुमच्यातलं कुणी माझ्या आधी उठलं असतं, तर आज ती जेवायला बसली असती."

तो माणूस उठला, आणि जाताना दारातूनच त्यानं घरी फोन लावला. "पोरीला उठव," तो म्हणाला. "तिचं व्रत राहू दे, आधी जेवायला वाढ."