एकही फुली नाही

"सर, तुमचं पुस्तक वाचताना कुणाला कंटाळा आला, तर तुम्हाला कळतं का?"

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणी पुनम आणि रूहीने पैज लावली होती, विचारलास तर दोघींकडून एकेक कचोरी. फैजपूरच्या आमच्या शाळेत धुळ्याहून बन्सीलाल सर आले होते. बहात्तर वर्षांचे, लहान मुलांसाठी एकतीस पुस्तकं लिहिलेले. यंदा वक्तृत्वात मी तालुक्यात पहिली आलेय, तेव्हापासून माईकची भीती अशी नाहीच. उठले, विचारलं. अख्खा हॉल हसला.

सर चिडले नाहीत. "कळतं ना! फुल्यांवरून," म्हणाले. "छापायच्या आधी मी माझी वही एका मुलाला देतो, सोबत पेन्सिल. जिथं उठून जावंसं वाटेल, जिथं खोटं वाटेल, तिथं फुली मारायची. आधी माझी लेक रत्ना मारायची. ती लग्न होऊन सुरतला गेली, मग वर्गातली पोरं. एकदा घाईत फुल्यांशिवाय छापलं, त्याचे गठ्ठे अजून माझ्या पलंगाखाली आहेत." मग पिशवीतून निळी वही काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवली. "आता तू मार. सोमवारी छापायला जायचीय."

मी वर्गात अशी परतले, जशी काही वही मीच लिहिलीय.

संध्याकाळी वाचायला बसले. राणी नावाची मुलगी जन्मते, त्या दिवशी आजोबा अंगणात केळ लावतात. दर वाढदिवसाला त्याच केळीला घड येतो, तेरा वर्षं. शेवटी शिकायला गाव सोडताना राणी त्या खोडाला मिठी मारते. मला रडू आलं, शप्पथ. आणि डोळे पुसतापुसता मी मागची पानं पुन्हा उलटली.

केळ एकदाच निसवते, एकदाच घड टाकते. घड उतरवला की खोड कापायचं, संपलं. शेजारून नवा कोंब, पील, वर येतं, ते पुढचं झाड. हे आमच्याकडे अंगणवाडीतल्या पोरालाही ठाऊक. सरांचा जन्म गेला बाजरी-कापसाच्या मुलखात, त्यांनी केळी पाहिली ती हातगाडीवर. एखादी ओळ चुकली असती तर गोष्ट वेगळी, पण इथं सगळं पुस्तकच त्या एका झाडावर उभं.

मी घरात गोष्ट सांगितली. "काय वं हेमे," पप्पा हसले, "तेरा वर्षं एकच केळ? मग आम्ही येडेच, खोडं कापत बसतो!"

"हसू नका हो," आई म्हणाली. "म्हातारं माणूस हाये. छान आहे म्हण अन् दे पाठवून."

"अन् दहावी आहे तुझी," पप्पा म्हणाले. "वही दे धुळ्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ, विषय संपला."

शुक्रवारी आईच्या मोबाइलवर सरांचा फोन आला. "काय गं पोरी, फुल्या किती?" आवाजात नुसती घाई. तालुक्यात पहिली आलेली मी, आणि एक वाक्य निघेना.

"एकही नाही, सर."

ते हसले, अगदी लहान पोरासारखे. "एकही नाही? एकतीस पुस्तकांत असं कधी झालं नाही गं! थांब, रत्नाला सांगतो."

फोन ठेवला आणि वही दप्तराच्या तळाशी सारली.

शनिवारी पुनम म्हणाली, "सुटलीस ना! आता काय?"

रूही कचोरी खाताखाता थांबली. "पण ते पुस्तक आपल्या वाचनालयात येईल. पाचवीची पोरं पोट धरून हसतील गं."

मला हॉल आठवला. तो हशा मीच पिकवला होता, दोन कचोऱ्यांसाठी. पुढच्या वेळी सर त्या हसण्यासमोर उभे असतील, आणि पोरं का हसतात हेच त्यांना कळणार नाही. कारण मी सांगितलं, एकही नाही.

रविवारी सकाळी वही घेऊन आमच्या केळीच्या मळ्यात गेले. कापलेल्या खोडाशेजारी बसले. बाजूचं पील माझ्या गुडघ्याएवढं झालं होतं. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. मग राणीच्या दुसऱ्या घडापाशी एकच फुली मारली आणि खाली लिहिलं, 'सर, इथं खोड कापतात. पुढं काय होतं ते मला माहीत आहे. सांगू?'

घरी आले तेव्हा आईपप्पा चहा पीत होते. माझ्या पिशवीत वही होती आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक छोटं पील. पिशवी मी दोन्ही हातांनी धरली होती.

"पप्पा, मी आत्ताच्या गाडीने धुळ्याला चाललेय. जळगावला बदलेन. सरांशी मी खोटं बोललेय, आणि ते मी फोनवर नाही सांगणार."

"एकटी?" आईची बशी तशीच हातात.

"तुम्ही आलात तर तिघं. पण गाडी साडेआठची आहे, आई. मी थांबणार नाही."